वाचनालयाच्या जुन्या कर्मचाऱ्यांसाठी फलक: कामाच्या नोंदी

३ जून
लिहून ठेवते, नाहीतर नंतर हिशोब लागत नाही. आमच्या वाचनालयासमोर माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं, आणि तेवढीच वर्षं मी तिथली वर्गणीदार. एप्रिलमध्ये तिथले रिटायर झालेले शिपाई मामा गेले. शोकसभा झाली, दोन मिनिटं उभे राहिलो, इतिवृत्तात ठराव लिहिला गेला आणि सगळे चहाला गेले. तेव्हा हॉलमध्ये बसल्या बसल्या मी तैलचित्रं मोजली. चौदा. अध्यक्ष, देणगीदार, एक मामलेदार, एक वकील, दोघं तर कोण आहेत हे आत्ताच्या कमिटीलाही माहीत नाही कारण खालची चिठ्ठी गळून पडलीय. त्या चौदांपैकी एकानेही कधी कोणाला पुस्तक काढून दिलं नसणार.

कार्यवाहांना म्हटलं, कर्मचाऱ्यांसाठी एक फलक करूया, पितळी, छान. ते म्हणाले करा की, पण अनुदानातला एक रुपया मिळणार नाही, ऑडिटला काय दाखवू. म्हणजे वर्गणी काढायची. मी डिझाईन फुकट देणार. उद्घाटन १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. दोन महिने आहेत, भरपूर आहेत असं आत्ता तरी वाटतंय.

७ जून
नावं कुठून आणायची हाच पहिला घोळ. माझी समजूत होती दप्तरात यादी असेल. नाहीये. राज्यात ग्रंथालय कायदा झाला १९६७ ला, मग अनुदानाचे नियम आले १९७० मध्ये, तेव्हापासून तपासणीला हजेरी मस्टर दाखवावं लागायला लागलं म्हणून १९७१ पासूनची मस्टरं कापडात बांधून नीट ठेवलीयेत. त्याच्या आधीचं फक्त वार्षिक अहवाल आणि कमिटीची इतिवृत्तं, त्यातही निम्मी वाळवीने खाल्लेली.

आणि इतिवृत्तात माणसं कशी येतात बघा. देणगीदार आला की रावसाहेब, श्रीमंत, राजमान्य राजश्री, पूर्ण नाव, गाव. कर्मचारी आला की "शिपायास दिवाळीनिमित्त धोतरजोडी द्यावी." बस. नाव नाही. तीन वर्षांची इतिवृत्तं चाळली, तिन्ही दिवाळ्यांना धोतरजोडी आहे, घेणाऱ्याचं नाव एकदाही नाही. मी ते पान झेरॉक्स करून घेतलं, का ते माहीत नाही, राग आला म्हणून असेल.

११ जून
आज दाखल नोंदवह्या काढल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक मिळतो आणि तो, नाव, लेखक, किंमत, कुठून आलं, सगळं या मोठ्या बांधीव वहीत ओळीने लिहिलं जातं. तोच क्रमांक मग पुस्तकाच्या आत शिक्क्यावर. सगळ्यात जुनी वही मोडीत आहे. गावातले एक रिटायर गुरुजी मोडी वाचतात, त्यांनी भिंग लावून तासभर वाचलं तेव्हा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एका कारकुनाचं नाव सापडलं. लेखन अमुक याचे. स्वतःच लिहून ठेवलंय, दुसरं कोण लिहिणार होतं.

मग माझा छंद सुरू झाला. रोज दुकान बंद केल्यावर दोन तास वह्या घेऊन बसते आणि अक्षर ओळखते. अक्षर हा माझा धंदा आहे, मला कळतं. एकजण 'ल' ला पाकळीसारखा लिहितो, एकजण शिरोरेघ देतच नाही, एकीचं ९ बघितलं की ६ वाटतं. वर्गीकरण बदललेलंही अक्षरासोबत दिसतं, आधी नुसतं का. ना. च. म्हणजे कादंबरी नाटक चरित्र, मग एका वर्षी अचानक ८९१.४६ सुरू होतं, मराठी साहित्याचा आकडा, म्हणजे विषयाला आकडे देणारी ड्युईची दशांश पद्धत आली. आणि ज्या बाईंनी ती आणली त्यांनी मागच्या कित्येक पुस्तकांवर जुना नंबर खोडून नवीन टाकलाय, लाल शाईने, एकेक करून. किती संध्याकाळी गेल्या असतील.

१६ जून
मामांच्या घरी गेले. मालाकाकूंना सांगितलं असं असं करतोय, तुमची परवानगी हवी. (काकूंचं नाव बदललंय, इथे कोणाचंच खरं नाव टाकणार नाही, फलकावर असेल तेवढं पुरे.) काकू म्हणाल्या, "नाव घाला, पण फोटो नको. फोटोत ते रागावल्यासारखे दिसतात, तसे नव्हते."

मग खळीचा विषय निघाला. पुस्तकाला मागे जी तारीखपट्टी चिकटवतात ना, परत करायची तारीख मारतात ती, त्यासाठी मामा घरूनच खळ करून न्यायचे. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी झाली तर टाकून द्यायची, उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद म्हणजे कसर लागत नाही. काकू म्हणाल्या मोरचुदाचं भांडं वेगळं, मुलांनी हात लावू नये म्हणून फळीवर वर ठेवलेलं असायचं, आणि हे सांगताना आत जाऊन ते भांडं घेऊनच आल्या. छोटी जर्मनची पातेली, तळाला अजून निळसर डाग. विकतचा गोंद मिळायला लागला तरी मामा खळच करत राहिले कारण गोंदाने पट्टी वाळली की तडकते, खळीची नाही. हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. परत आल्यावर माझ्याकडच्या पुस्तकाची पट्टी वाकवून बघितली. खरंय.

२३ जून
कमिटीची मीटिंग. सव्वा दोन तास, त्यातले दीड तास नावांच्या क्रमावर. एक म्हणाले ग्रंथपाल वर, मग लिपिक, मग शिपाई. मी म्हटलं मग मामा आयुष्यभर जिथे बसले तिथेच राहणार, दाराशी. शेवटी रुजू झाल्याच्या सालाप्रमाणे ठरलं. हुद्दा लिहायचा का? माझं मत लिहायचा, त्यात लाज कसली, शिपाई होते म्हणून तर वाचनालय सकाळी साडेसातला उघडायचं.

दुसरा वाद, हयात असलेल्यांची नावं घालायची का. रिटायर ग्रंथपाल बाई, त्याच लाल शाईवाल्या, हयात आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठणठणीत. स्मृतिफलकावर जिवंत माणसाचं नाव म्हणजे अभद्र असं दोघांचं म्हणणं पडलं. मग 'स्मृतिफलक' हा शब्दच काढून टाकला. मथळा ठरला: ज्यांनी हे वाचनालय चालवलं. मला आवडला. 'चालवलं' वर अध्यक्ष जरा अडखळले, पण बोलले नाहीत.

तिसरी गोष्ट लिहू की नको, लिहितेच. एका गृहस्थांनी सगळा खर्च देऊ केला, अट एकच, खाली "यांच्या स्मरणार्थ" म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव, कर्मचाऱ्यांच्या नावांपेक्षा दोन पॉइंट मोठं. दोन पॉइंट हे त्यांनी स्वतः सांगितलं! मी मीटिंगमध्ये मुंबईच्या डेव्हिड ससून लायब्ररीचं उदाहरण दिलं. ती सुरू केली १८४७ मध्ये टाकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक लोकांनी, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट म्हणून, आणि आज काळा घोड्याला आत शिरलं की पुतळा दिसतो तो देणगीदार ससूनसाहेबांचा, नावही त्यांचंच. पैसे दिले होते त्यांनी, इमारत उभी राहिली, मान्य आहे. पण त्या मेकॅनिकांपैकी एकाचं तरी नाव कोणी सांगा. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत जा, तिथेही पुतळे एल्फिन्स्टन, माल्कम, नाना शंकरशेट यांचे. मोठी माणसं, वाद नाही. पण पुस्तक कोण काढून देत होतं? गृहस्थांना नम्रपणे नाही सांगितलं गेलं. वर्गणी शंभर-दोनशेने गोळा करायची ठरली, पावतीपुस्तक माझ्या दुकानात.

४ जुलै
फलक १८ बाय २४ इंच, २ मिलिमीटर पितळ. हिशोब केला तर पावणेपाच किलो भरतो. कोरणारा जिल्ह्याच्या गावी आहे, मशीनवर करतो. मी फाईल पाठवली युनिकोडमध्ये, त्याचं सॉफ्टवेअर जुनं, त्याने ती त्याच्या फॉन्टमध्ये बदलून घेतली, आणि आज सॅम्पल पट्टी आली. एका आडनावात ऱ्ह आहे. त्याचा झाला र्ह, म्हणजे रफार उडून ह च्या डोक्यावर. 'ग्रंथपाल' चा ग्र वेगळा आणि अनुस्वार थ वर. एका ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे. पितळेत कोरलेलं, पुसता येत नाही. फोनवर म्हणतो, "ताई, आमच्याकडे सगळे असंच नेतात, कोण वाचतंय." भाऊ, वाचनालयात लावायचंय ते!

चूक माझीच, वीस वर्षं श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आणि युनिकोड यांच्या मारामारीत गेली तरी टेक्स्ट तसाच पाठवला. आता सगळं कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करून पाठवणार, म्हणजे त्याच्या मशीनला अक्षर नाही, नुसते आकार दिसतील.

१२ जुलै
पाऊस. आज भिंत बघायला मिस्त्री आणला होता. हॉलची भिंत दगड-चुन्याची, दोन फूट जाड, आणि पावसाळ्यात आतून ओल धरते. त्याने ड्रिल लावलं तर भुकटी पडत राहिली, भोक मोठं होत गेलं, प्लग बसेना. पावणेपाच किलो लटकवायला तो तयार नाही. म्हणाला चौकट करून सिमेंटमध्ये बसवू, कार्यवाह म्हणाले जुन्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही. बरोबर आहे त्यांचं.

सगळे व्हरांड्यात उभे राहून चहा पीत होते आणि मी ज्यावर कप ठेवला होता ते कपाट होतं. कार्डांचं. सागवानी, चार रांगा, प्रत्येकी सहा खण, एकूण चोवीस. वाचनालय कॉम्प्युटरवर गेलं तेव्हापासून ते बाहेर पडलंय, वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायला. प्रत्येक खणाला पितळेची छोटी चौकट, जिच्यात चिठ्ठी सरकवायची, खाली बोट अडकवायला आकडा, आत पाच बाय तीनच्या कार्डांच्या भोकातून जाणारी पितळी सळई. पूर्वी मी इथे विषयसूची उघडून "भूत" शोधलेलं आठवतं.

आमच्याकडे नावं अठरा. खण चोवीस.

मी कप उचलला आणि म्हटलं भिंतच कशाला पाहिजे. एकेका माणसाला एकेक खण. चौकटीत नाव, साल, हुद्दा. आत कार्डं, त्याने काय काम केलं त्याची, त्याच्या अक्षरातल्या नोंदवहीच्या पानांची छोटी प्रत, आठवणी. वाचकाने खण ओढून बघायचा, जसं पुस्तक शोधताना बघायचा. कपाट हॉलमध्ये आत घ्यायचं, तैलचित्रांच्या खाली नाही, देवघेवीच्या काउंटरशेजारी. पितळी फलक आता फक्त एक पट्टी, मथळ्यापुरती, कपाटाच्या माथ्यावर. कोरणाऱ्याला फोन केला, ॲडव्हान्स यात वळता करून घेतो म्हणाला.

२० जुलै
कपाटाची साफसफाई. सागवान असल्यामुळे वाळवी नाही, कसर मात्र भरपूर. तीन खण फुगलेत, सुताराने रंधा मारला. जुना रंग खरवडून खाली मूळ पॉलिश लागलं, त्यावर चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश, चार हात. वास दुकानापर्यंत येतोय. पावसात पॉलिश पांढरं पडतं म्हणून दोनशेचा बल्ब लावून वाळवलं.

खालच्या रांगेतला शेवटचा खण पूर्ण बाहेर काढला तेव्हा मागे पडलेली सात कार्डं मिळाली. सहा साधी. सातव्याच्या पाठीवर बाईंच्या लाल शाईत: "प्रत वाचकाकडे आहे. आजारी आहेत. मागू नये." खाली तारीख, १९८८ ची. दंडाच्या नोंदवहीत ते पुस्तक शोधलं. दंड नाही, परत आल्याची नोंदही नाही. रंगनाथनांचे पाच नियम आम्ही दरवर्षी १२ ऑगस्टला फळ्यावर लिहितो, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ वगैरे, मी स्वतः त्याची प्रिंट काढून देते. हे कार्ड मी कोणाला न विचारता बाईंच्या खणात सगळ्यात पुढे लावलं.

२७ जुलै
कार्डं टाईप करतेय. ठरवलंय की "निष्ठेने सेवा केली" हे वाक्य एकाही कार्डावर येणार नाही. श्रद्धांजलीचे फ्लेक्स रोज करते, ते वाक्य माझ्या हाताला आपोआप येतं, म्हणूनच नको. काय केलं ते लिहायचं. खळ कशी करायचे. २००५ च्या पुरात खालच्या दोन फळ्यांची पुस्तकं रातोरात माळ्यावर कोणी नेली. बालविभागात गोंगाट झाला की काउंटरवर टाचणी आपटायची, ओरडायचं नाही, ही कोणाची पद्धत.

पगाराचंही एक कार्ड करावं असं मला वाटतं. अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातूनच पगार भागवायचे, हप्ता लांबला की पगार लांबला, मस्टरला सह्या मात्र रोजच्या रोज. कार्यवाह म्हणाले नको, वाद होईल. आत्ताच्या तिघा कर्मचाऱ्यांना विचारलं, ते एकमेकांकडे बघून हसले. कार्ड केलं. कोणावर आरोप नाही, नुसतं कसं चालायचं ते.

बाइंडरचा खण असावा का यावर पुन्हा चर्चा, कारण ते नोकर नव्हते, नगावर काम करायचे. पण त्यांनी बांधलेली पुस्तकं अजून पाठ धरून आहेत आणि नवीन परफेक्ट बाइंडिंगवाली, म्हणजे न शिवता नुसती चिकटवलेली, दोन वाचनात सुटतात. असावा. आणि धोतरजोडीवाल्या शिपायालाही खण दिला. चौकटीत लिहिलं: "शिपाई. नाव नोंदवलेलं नाही." आत इतिवृत्ताची ती झेरॉक्स. एकूण एकोणीस.

५ ऑगस्ट
बाईंना घेऊन आलो दाखवायला, रिक्षाने. आधी त्यांनी काउंटरवर बोट फिरवून धूळ बघितली. मग एकेक खण उघडून उभ्यानेच सगळं वाचलं, खुर्ची नको म्हणाल्या. लाल शाईचं कार्ड बघून, "हे कुठे मिळालं तुला?" एवढंच. ते वाचक कोण होते ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग स्वतःच्या खणातलं तिसरं कार्ड काढून चष्म्याजवळ धरलं. "हे अक्षर माझं नाही."

मी म्हटलं बाई, तुमचंच आहे, हे ९ बघा, ६ सारखं. त्या म्हणाल्या, "९ आहे तसं, कारण मी तिला शिकवलं. ही १९८३ ला आलेली पोरगी, आठ महिने होती, बदली म्हणून. माझ्या बाळंतपणात." मस्टरला नाव नाही कारण व्हाउचरवर पैसे दिले होते. तिने साडेसहाशे पुस्तकं दाखल केली, नंबरांसकट, आणि मी छातीठोकपणे, अक्षर माझा धंदा म्हणून, ती सगळी बाईंच्या नावावर लावली होती. बाईंना तिचं नाव आठवत होतं, आडनाव माहेरचं. आता कुठे असते माहीत नाही. विसावा खण. रात्री बसून बाईंची पाच कार्डं पुन्हा केली आणि बाकी सगळी अक्षरं परत तपासली. आणखी एक शंका निघाली, ती काढूनच टाकली.

१२ ऑगस्ट
झालं. सरस्वती, रंगनाथन, हार, नारळ, माईक शिट्ट्या मारत होता. पाहुणा बोलवला नव्हता, मालाकाकूंनी मामांचा खण उघडायचा एवढाच कार्यक्रम. आणि तो उघडेना! चार दिवसांच्या झडीने लाकूड फुगलेलं. काकूंनी दोनदा ओढला, मग एक पाय कपाटाला लावून असा हिसका दिला की सळईसकट खण बाहेर, कार्डं जमिनीवर. सगळे गोळा करायला वाकले, अध्यक्षसुद्धा. काकू म्हणाल्या, "त्यांच्या हाताने बरोबर उघडलं असतं." आणि हसल्या.

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, भाषण करा म्हटलं तर पाणी मागितलं.

२१ ऑगस्ट
शिल्लक कामं. तीन खणांना मेण चोळायचं. पट्टीचा एक स्क्रू पितळी नाही, लोखंडी लागलाय, गंजायच्या आत बदलायचा. शाळा सुटल्यावर पोरं खण उघडझाप करतात, ग्रंथपाल विचारत होते कुलूप लावू का, मी नको म्हटलं. बाइंडरच्या खणातलं एक कार्ड गायब आहे, दुसरी प्रिंट काढलीय.

वर्गणी जमा ११,४५०, खर्च १०,८२०, पावत्या फाईलमध्ये. उरलेल्यातून कोरी कार्डं आणली आणि चार रिकाम्या खणांपैकी एकात ठेवली, कोणाला काही आठवलं तर लिहावं म्हणून, दोऱ्याला पेन्सिल बांधून. आज उघडून बघितलं तर तीन भरलेली. दोन मामांबद्दल. तिसऱ्यावर बाईमाणसाचं अक्षर, ९ बघितलं की ६ वाटतो, आणि मजकूर एवढाच: दाखल क्रमांक ४११९ ला किंमत चुकून दोनदा लिहिली गेली आहे, दुरुस्त करावी.

काउंटरवर विचारलं कोण आलं होतं. काल दुपारी गर्दी होती, लक्ष नव्हतं म्हणाले. ४११९ बघितलं. खरंच दोनदा आहे.